बॅटरसी नॉर्थ : मतं वाढली त्या वर्षी जागा गेली

प्रश्न असा आला आहे : "लंडनच्या बॅटरसी नॉर्थ मतदारसंघातून मुंबईचे शापूरजी सकलातवाला दोनदा खासदार झाले, तेही कम्युनिस्ट असताना. हा भाग तेव्हा इतका लाल होता का, की माणूसच तेवढ्या ताकदीचा होता? मग पुढे ते हरले कसे? आणि आज हा मतदारसंघ नकाशावर का सापडत नाही?"

थोडक्यात सांगायचं तर बॅटरसी नॉर्थ लाल नव्हता. माणूस ताकदीचा होता यात शंका नाही, पण त्यांना निवडून आणलं ते तिथल्या कामगार संघटनांच्या एकजुटीने. ती एकजूट टिकली तोवर ते प्रत्येक वेळी अटीतटीला होते. ती मोडली आणि पुढच्याच निवडणुकीत ते तिसऱ्या क्रमांकावर गेले. हे आकड्यांवरून दाखवता येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी पंचवीसेक वर्षं निवडणूक निकालांवर काम करतो आहे. बहुतेक काम आपल्याकडच्या विधानसभा आणि महापालिकांचं : बूथनिहाय तक्ते लावायचे, मागच्या दोन-तीन निवडणुकांशी ताळा घ्यायचा, कोण उभा राहिल्याने कोणाचं नुकसान झालं ते शोधायचं. बॅटरसी नॉर्थचा तक्ता मी पहिल्यांदा उघडला तो सकलातवालांबद्दलच्या कुतूहलापोटी. आता नवीन मुलं कामाला आली की पहिल्या आठवड्यात त्यांच्यापुढे हाच तक्ता ठेवतो. इतक्या थोड्या ओळींत इतकं शिकवणारा दुसरा मतदारसंघ मला माहीत नाही.

आधी जागा समजून घेऊ. थेम्सच्या दक्षिण तीरावरची ही वस्ती. एकोणिसाव्या शतकात इथे रेल्वेची यार्डं आली, गॅसचे कारखाने आले, मेणबत्त्यांचा मोठा कारखाना आला, धातू वितळवण्याच्या मुशी बनवणारा कारखाना आला. १८८५ साली बॅटरसीला स्वतःचा खासदार मिळाला तेव्हा पहिली जागा जिंकली ती याच मुशीवाल्या घराण्यातल्या ऑक्टेव्हियस व्हॉन मॉर्गन यांनी, लिबरल पक्षाकडून. १८९२ साली त्यांच्या जागी आले जॉन बर्न्स. बॅटरसीतच वाढलेले, पेशाने इंजिन कारखान्यातले कामगार, १८८९ च्या लंडन गोदी संपाचे पुढारी. बर्न्स १९१८ पर्यंत तिथले खासदार राहिले, मधल्या काळात मंत्री झाले, आणि १९१४ साली ब्रिटन युद्धात उतरतंय म्हटल्यावर राजीनामा देऊन मोकळे झाले.

याच १८९२ च्या निवडणुकीत नदीपलीकडे सेंट्रल फिन्सबरीतून दादाभाई नौरोजी अवघ्या ५ मतांनी निवडून आले होते. १८९५ मध्ये बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्टमधून सर मंचरजी भावनगरी आले, ते काँझर्व्हेटिव्ह पक्षाकडून. सकलातवाला तिसरे. तिघेही मुंबईचे, तिघेही पारशी, आणि पक्ष मात्र तीन वेगळे. भारतीय उमेदवाराला ब्रिटिश मतदार मत कसा देईल हा प्रश्न त्यामुळे १९२२ पर्यंत लंडनला अगदीच नवा राहिला नव्हता.

पण खरी पायाभरणी झाली ती स्थानिक कारभारात. बॅटरसीत कामगार संघटना, लिबरल, समाजवादी, आयरिश मंडळी यांची एक आघाडी वर्षानुवर्षं नगरपालिका चालवत होती. मी एकदा लंडनला गेलो असताना मुद्दाम लॅचमिअर वसाहतीत फिरून आलो. ही वसाहत पालिकेने कंत्राटदार न नेमता, स्वतःचे मजूर लावून बांधली. १९०३ साली उद्घाटन झालं. विटांच्या बुटक्या, एकमेकींना टेकलेल्या घरांच्या ओळी. वरवर पाहिलं तर लंडनमधल्या कुठल्याही गल्लीसारखी गल्ली. मग कोपऱ्यावरची पाटी वाचावी : फ्रीडम स्ट्रीट. पुढची : रिफॉर्म स्ट्रीट. त्यापुढे ऑजर स्ट्रीट, म्हणजे जॉर्ज ऑजर या कामगार पुढाऱ्याच्या नावाची. आणि एक जूबेअर स्ट्रीट. जूबेअर हे बोअर सेनापती, म्हणजे ब्रिटिश सैन्य नुकतंच ज्यांच्याशी लढलं होतं त्या बाजूचे. युद्ध संपायला वर्ष होतंय न होतंय तोच आपल्या गल्लीला शत्रूच्या सेनापतीचं नाव देणारी पालिका काय हिमतीची असेल! मी त्या पाटीखाली बराच वेळ उभा होतो. मतदारसंघाचा स्वभाव असा एखाद्या पाटीवर वाचायला मिळणं दुर्मीळ.

त्याच पालिकेत लॅचमिअर प्रभागातून १९०६ साली जॉन आर्चर निवडून आले. जन्म लिव्हरपूलचा, वडील बार्बाडोसचे, आई आयरिश. बॅटरसीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. नोव्हेंबर १९१३ मध्ये नगरसेवकांनी ४० विरुद्ध ३९ मतांनी त्यांना महापौर केलं. लंडनमधल्या कुठल्याही बरोचे (बरो म्हणजे स्वतःची पालिका असलेला शहराचा विभाग) ते पहिले कृष्णवर्णीय महापौर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

१९१८ साली बॅटरसीचे दोन तुकडे झाले : उत्तर आणि दक्षिण. नदीकाठची कामगार वस्ती उत्तरेत आली, क्लॅपहॅम जंक्शनच्या पलीकडची बरीच मध्यमवर्गीय वस्ती दक्षिणेत. आपल्याकडे पुनर्रचना झाली की पहिल्या निवडणुकीत जसा गोंधळ असतो तसाच तिथेही झाला. मजूर पक्षाने उत्तरेत उमेदवारी दिली शार्लट डेस्पार्ड यांना. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून तुरुंगात गेलेल्या, नाइन एल्म्सच्या गरीब वस्तीत वर्षानुवर्षं काम केलेल्या, वय सत्तरीच्या पुढे. पण त्या उघड युद्धविरोधी होत्या आणि निवडणूक झाली ती युद्धविजयानंतर महिनाभरात. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या आघाडीचे रिचर्ड मॉरिस जवळपास दुप्पट मतं घेऊन जिंकले. १९१८ च्या त्या हवेत तिथे दुसरं कोणी निवडून आलं असतं असं मला वाटत नाही.

आता सकलातवाला. जन्म मुंबईत, १८७४ चा. आई जेरबाई या जमशेटजी टाटांच्या बहीण. मुंबईत प्लेगने थैमान घातलं तेव्हा त्यांनी प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांच्याबरोबर काम केलं, नंतर टाटांसाठी लोखंड आणि कोळशाच्या शोधात जंगलं तुडवली. १९०५ साली विलायतेला गेले, तिथेच सॅली मार्श यांच्याशी लग्न केलं. १९०९ मध्ये इंडिपेंडंट लेबर पार्टीत आणि १९२१ मध्ये कम्युनिस्ट पक्षात आले. घराणं उद्योगपतींचं आणि काम कामगारांत, म्हणून लोक त्यांच्या चरित्रातच अडकतात. मी मुलांना सांगतो, नावं झाका आणि आकडे बघा.

१५ नोव्हेंबर १९२२ : सकलातवाला ११,३११. हेन्री हॉगबिन, नॅशनल लिबरल, ९,२९०. तिसरे उमेदवार अल्बू, लिबरल, १,७५६. म्हणजे सकलातवाला २,०२१ मतांनी विजयी. त्या वेळी एकाच माणसाला दोन्ही पक्षांत राहता येत होतं. ते कम्युनिस्ट सभासद होते आणि मजूर पक्षाचे अधिकृत उमेदवारही. प्रचाराची सूत्रं जॉन आर्चर यांच्याकडे.

६ डिसेंबर १९२३ : सरळ लढत. हॉगबिन १२,५२७, सकलातवाला १२,३४१. फरक १८६.

इथे थांबा. सकलातवालांना १९२२ पेक्षा १,०३० मतं जास्त पडली आणि ते हरले. हा तक्ता दाखवला की दहांतले नऊ जण चटकन म्हणतात, "सोपं आहे, १९२२ मध्ये विरोधकांची मतं फुटली होती, १९२३ मध्ये एक झाली." मी त्यांना बेरीज करायला लावतो. ९,२९० अधिक १,७५६ म्हणजे ११,०४६. सकलातवालांचे ११,३११. दोन्ही लिबरलांची सगळीच्या सगळी मतं एका पेटीत टाकली असती, तरी ते २६५ मतांनी जिंकलेच असते. तेव्हा मतविभाजनामुळे ते निवडून आले हे म्हणणं गणिताला धरून नाही. १९२३ मध्ये झालं ते वेगळं : एकूण मतदान २,५११ ने वाढलं, आणि त्या वाढीतली १,४८१ मतं हॉगबिनच्या बाजूला गेली, १,०३० सकलातवालांच्या. काँझर्व्हेटिव्ह पक्षाने स्वतःचा उमेदवार न देता हॉगबिनना पाठिंबा दिला होता. आदल्या खेपेला घरी बसलेला मतदार या वेळी बाहेर पडला आणि त्याने बाहेर काढणाऱ्याला मत दिलं. मतविभाजनाचं कारण ऐकायला सोपं असतं म्हणून आपल्याकडेही निकालाच्या रात्री तेच सगळ्यात आधी दिलं जातं. बेरीज करायला दोन मिनिटं लागतात.

२९ ऑक्टोबर १९२४ : सकलातवाला १५,०९६, हॉगबिन १४,५५४. फरक ५४२. या खेपेला ते उभे होते उघड कम्युनिस्ट म्हणून, कारण त्याच महिन्यात मजूर पक्षाच्या परिषदेने कम्युनिस्टांना उमेदवारी द्यायची नाही असा ठराव केला होता. हॉगबिन उभे होते 'काँस्टिट्यूशनलिस्ट' हे नाव लावून. मतदानाच्या चार दिवस आधी, २५ ऑक्टोबरला, वृत्तपत्रात ते कुप्रसिद्ध झिनोव्हिएव्ह पत्र छापून आलं : मॉस्को ब्रिटनमध्ये क्रांती घडवायला निघालं आहे अशा अर्थाचं. पत्र बनावट होतं, पण देशभर भीती पसरली आणि काँझर्व्हेटिव्ह पक्षाने मोठा विजय मिळवला.

अशा हवेत, कम्युनिस्ट हे नाव छातीवर लावून, बॅटरसी नॉर्थमध्ये हा माणूस जिंकला. संपूर्ण सभागृहात एकटा कम्युनिस्ट. एकूण मतदान ४,७८२ ने वाढलं होतं. त्यातली २,७५५ मतं सकलातवालांकडे गेली आणि २,०२७ हॉगबिनकडे. आदल्या वर्षी घरातून लोक बाहेर काढण्यात दुसरी बाजू पुढे होती, या वर्षी ही बाजू. का? कारण वरचा ठराव काहीही असो, बॅटरसीची स्थानिक कामगार परिषद आणि मजूर पक्षाची शाखा आपल्या माणसाच्या मागे उभी राहिली. दारोदार जाणारे कार्यकर्ते तेच, त्यांच्या हातातल्या याद्या त्याच, प्रभागांतले नगरसेवक तेच. मतदाराच्या दारात उभा राहणारा माणूस ओळखीचा होता, आणि ओळखीचा माणूस सांगतो तेव्हा वृत्तपत्रातली भीती उंबऱ्याच्या आत येत नाही. हे मी आपल्याकडच्या वॉर्डांत इतक्या वेळा पाहिलं आहे की हा तक्ता वाचताना गल्ल्या डोळ्यांसमोर येतात.

हा भाग मुळातच लाल होता असं कोणाला वाटत असेल, तर त्याने त्याच वर्षांतला दक्षिण बॅटरसीचा निकाल बघावा. तोच बरो, तीच पालिका, मध्ये एक रेल्वे जंक्शन; आणि १९१८ पासून १९२९ पर्यंत तिथले खासदार होते व्हायकाउंट कर्झन (आपल्याकडे व्हाइसरॉय होते ते कर्झन नव्हेत), पक्के काँझर्व्हेटिव्ह.

मग मोडलं कुठे? १९२५ मध्ये मजूर पक्षाने आणखी पुढे जाऊन कम्युनिस्टांना सभासदत्वच नाकारलं. बॅटरसीच्या शाखेने ऐकलं नाही, तेव्हा १९२६ मध्ये मध्यवर्ती पक्षाने ती शाखाच बेदखल केली आणि समांतर अधिकृत शाखा उभी केली. त्याच वर्षी मे महिन्यात सार्वत्रिक संप झाला. सकलातवालांनी १ मे रोजी हाइड पार्कमध्ये भाषण करून, संपकऱ्यांवर गोळी चालवू नका असं सैनिकांना आवाहन केलं. त्यांना अटक झाली आणि दोन महिने तुरुंगात काढावे लागले. त्या शिक्षेमुळे त्यांची लोकप्रियता घटली असं मानायला मला आधार दिसत नाही. घटली ती कार्यकर्त्यांची संख्या. जुन्या आघाडीतल्या माणसांना आता बाजू निवडावी लागली, आणि बहुतेकांनी पक्ष निवडला. जॉन आर्चरसुद्धा अधिकृत बाजूला गेले.

१९२७ च्या सुरुवातीला सकलातवाला भारतात येऊन गेले. मुंबईत त्यांचं जंगी स्वागत झालं, गांधीजींशी त्यांचा जाहीर पत्रव्यवहार झाला. खादी आणि चरख्यावर त्यांनी आडपडदा न ठेवता टीका केली. परतल्यावर सरकारने त्यांना पुन्हा भारतात पाऊल ठेवू दिलं नाही. त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांनी आपल्या पाचही मुलांची नवजोत (पारशी धर्मात प्रवेशाचा विधी) केली आणि स्वतःच्या पक्षाची जाहीर नाराजी ओढवून घेतली. मला या गोष्टीत त्यांचा फार मोठा प्रामाणिकपणा दिसतो. पण संघटनेच्या हिशेबात ते आता दोन्हीकडून एकटे पडत चालले होते.

३० मे १९२९ : सँडर्स, मजूर पक्ष, १३,२६५. मार्सडेन, काँझर्व्हेटिव्ह, १०,८३३. सकलातवाला ६,५५४. लिबरल उमेदवाराला ४,५१३. स्टीफन सँडर्स यांच्या प्रचाराचं काम बघत होते तेच जॉन आर्चर, ज्यांनी सकलातवालांना पहिल्यांदा जिंकून दिलं होतं. पाच वर्षांत ८,५४२ मतं गेली. आणि हे घडलं मतदार वाढलेले असताना : १९२८ च्या कायद्याने एकवीस वर्षांवरच्या सगळ्या स्त्रियांना मताचा हक्क मिळाला होता, एकूण मतदान ३५,१६५ वर पोचलं होतं.

आता पुन्हा बेरीज. सँडर्स आणि सकलातवाला मिळून १९,८१९, म्हणजे निम्म्याहून बरीच जास्त मतं. बॅटरसी नॉर्थ उजवीकडे गेला नव्हता. उलट १९२४ पेक्षाही डावीकडे सरकला होता. मतदार होता तिथेच होता. त्याच्या दारात येणारा ओळखीचा माणूस आता दुसऱ्या उमेदवाराचं पत्रक देत होता. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर मी या एका ओळीत वाचतो.

१९३१ चा निकाल मात्र या साच्यात बसवू नका. मार्सडेन १८,६८८, सँडर्स ११,९८५, सकलातवाला ३,०२१. तेव्हा ब्रिटनमध्ये उमेदवाराची अनामत रक्कम वाचवायला एकूण मतांच्या एक अष्टमांश मतं लागत (आपल्याकडे एक षष्ठांश लागतात), तेव्हा सकलातवालांचं डिपॉझिट गेलं. पण सँडर्स आणि सकलातवाला यांची मतं एकत्र केली तरी १५,००६ होतात. ही 'राष्ट्रीय सरकार'ची, म्हणजे काँझर्व्हेटिव्हांचा वरचष्मा असलेल्या संयुक्त सरकारची, देशव्यापी लाट होती. मजूर पक्ष देशभरात ५२ जागांवर आला होता. लाट असते तेव्हा स्थानिक कारणं शोधत बसू नये. मार्सडेन हे पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या आरमारी लढाईत बुडालेल्या 'आर्डेंट' जहाजाचे कप्तान, वाचलेल्या मोजक्यांपैकी एक. १९३५ मध्ये लाट ओसरली आणि जागा पुन्हा सँडर्सकडे आली. सकलातवाला त्या वेळी उभे नव्हते; जानेवारी १९३६ मध्ये ते गेले.

त्यानंतरची पन्नासेक वर्षं निकालाच्या दृष्टीने सपाट आहेत. १९४० च्या पोटनिवडणुकीत फ्रान्सिस डग्लस आले. ते माल्टाचे गव्हर्नर झाल्यामुळे १९४६ मध्ये पुन्हा पोटनिवडणूक झाली आणि मजूर पक्षाचे डग्लस जे (आडनावच 'जे') निवडून आले. हॅरोल्ड विल्सन यांच्या मंत्रिमंडळात व्यापारमंत्री, युरोपीय बाजारपेठेत सामील व्हायला ठाम विरोध करणारे. सलग ३७ वर्षं ते बॅटरसी नॉर्थचे खासदार होते. बॅटरसी नॉर्थ 'बालेकिल्ला' झाला तो खरं तर या काळात. तो कम्युनिस्टांचा नव्हता, साध्या मजूर पक्षाचा होता.

मतदारसंघ नाहीसा झाला त्यामागे राजकीय डाव शोधायची गरज नाही. माणसं कमी झाली. युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत घरं पडली, नंतर जुन्या चाळवजा गल्ल्या पाडून मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, कारखाने आणि रेल्वेची कामं आटली, लोक उपनगरांत गेले. १९६५ मध्ये बॅटरसीचा स्वतंत्र बरोही गेला आणि तो वाँड्सवर्थमध्ये विलीन झाला. मध्य लंडनमधल्या एकेका खासदारामागे मतदार फार थोडे उरले, तेव्हा सीमा आयोगाने १९८३ च्या निवडणुकीपासून बॅटरसी नॉर्थ आणि दक्षिणेचा मोठा भाग जोडून पुन्हा एकच बॅटरसी केलं. चार धुराड्यांचं प्रसिद्ध बॅटरसी वीज केंद्र याच मतदारसंघात होतं. त्याचं बांधकाम सकलातवाला हरले त्या १९२९ साली सुरू झालं आणि वीजनिर्मिती थांबली तीही १९८३ च्या ऑक्टोबरमध्येच. आज तिथे दुकानं आहेत, महागडी घरं आहेत.

नव्या बॅटरसीतून पहिल्यांदा निवडून आले आल्फ डब्ज, प्रागमधून लहानपणी नाझींपासून वाचवून आणलेल्या मुलांपैकी एक. १९८७ मध्ये ते हरले आणि जागा काँझर्व्हेटिव्ह जॉन बोइस यांच्याकडे गेली, १९९७ मध्ये मजूर पक्षाचे मार्टिन लिंटन, २०१० मध्ये काँझर्व्हेटिव्ह जेन एलिसन, २०१७ मध्ये पुन्हा मजूर पक्षाच्या मार्शा डी कॉर्डोव्हा. उत्तर-दक्षिण जोडल्यावर जागा अशी दोलायमान होणार हे १९२० च्या दशकातले दोन्ही तक्ते शेजारी ठेवले असते तर आधीच दिसलं असतं. २००५ मध्ये लिंटन यांनी ती राखली ती १६३ मतांनी, म्हणजे १९२३ च्या १८६ पेक्षाही कमी फरकाने.